वेगाला लगाम

मोटारगाडीविषयी माणसांची मते प्रारंभापासूनच दुभंगलेली आहेत. एका पक्षाला ती मानवी बुद्धीचा विजय वाटते. तिने अंतर जिंकले, रोग्याला वेळेवर वैद्याच्या दारी नेले, शेतमाल बाजारपेठेत पोहोचवला, असे हा पक्ष म्हणतो. आणि त्यात असत्य काही नाही. दुसऱ्या पक्षाला ती समाजावरील संकट वाटते. तिने हवा दूषित केली, रस्ते गोंगाटाने भरले, पायी चालणाऱ्याला कोपऱ्यात लोटले आणि दरवर्षी असंख्य बळी घेतले, असे तो म्हणतो; आणि त्यातही असत्य काही नाही. दोन्ही पक्ष खरे बोलत असूनही वाद मिटत नसेल, तर मूळ प्रश्नच नीट मांडला गेलेला नाही असे समजावे. मोटार चांगली की वाईट, असे विचारून निर्णय लागत नाही. मोटारीच्या वेगावर सत्ता कोणाची चालावी, असे विचारले म्हणजे मात्र वाटा स्पष्ट दिसू लागतात.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या जन्माआधीच उभा राहिला. वाफेच्या बळावर धावणारी अवजड वाहने तेथील रस्त्यांवर येऊ लागली होती. त्यांच्या आवाजाने घोडे बुजत आणि त्यांच्या भाराने रस्ते उखडत. तेव्हा १८६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा संमत केला. अशा वाहनाने खुल्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल यांहून अधिक वेगाने जाऊ नये, असे त्यात ठरले. वाहनाबरोबर किमान तीन माणसे असावीत, आणि त्यांपैकी एकाने हाती लाल निशाण घेऊन वाहनापुढे किमान ६० यार्ड अंतरावरून पायी चालावे, अशीही अट होती. म्हणजे यंत्राने माणसाच्या मागून, माणसाच्या पावलाने चालावयाचे! पुढे १८७८ साली निशाणाची अट सैल झाली, आणि १८९६ साली हलक्या मोटारींना ताशी १४ मैलांपर्यंत मोकळीक मिळाली.

आज हा कायदा वाचताना हसू आल्यावाचून राहत नाही. परंतु केवळ हसून तो बाजूला सारणे योग्य होणार नाही. त्यात नव्या यंत्राविषयीचे भय होते, हे खरे. त्याबरोबरच एक रास्त विचारही होता. रस्त्यावर जो अधिक बलवान आहे, त्याने दुबळ्याला सूचना द्यावी आणि आपला वेग आवरावा, हा तो विचार होय. निशाण काळाआड गेले. त्याने विचारलेला प्रश्न मात्र तसाच उरला.

नव्या यंत्राची बाजू घेणाऱ्यांमध्येही विचारी माणसे होती. कार्ल बेंझ या जर्मन शिल्पज्ञाने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी नोंदवले. तथापि ही गाडी दूरचा प्रवास करू शकेल, असा भरवसा लोकांना वाटत नव्हता. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेंझची पत्नी बेर्था हिने आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि मॅनहाइम येथून फोर्झहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास त्या गाडीतून केला. वाटेत इंधन संपले, तेव्हा तिने ते औषधविक्रेत्याच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. गाडी थांबवणारे लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकवून घेतले. या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात गाडी पळवण्याइतकीच ती थांबवण्याची काळजी वाहावी लागली, आणि ती वाहणारी व्यक्ती गाडीची निस्सीम चाहती होती. वेगावर प्रेम करणे आणि त्याला आवर घालणे यांत मूलतः विरोध नाही, याचा हा उत्तम दाखला होय.

त्यानंतर अमेरिकेत हेन्री फोर्ड याने मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. त्याची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ साली बाजारात आली. १९१३ साली त्याने आपल्या कारखान्यात सरकती जोडणीरांग सुरू केली. कामगाराने गाडीकडे जाण्याऐवजी गाडीच कामगारापुढे सरकू लागली. गाडीचा सांगाडा जोडण्यास पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत. ते काम दीड तासाच्या आसपास होऊ लागले. आरंभी ८५० डॉलर किंमत असलेली ही गाडी पुढे ३०० डॉलरांहूनही कमी किमतीत मिळू लागली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. दूरच्या शेतावर एकाकी राहणाऱ्या कुटुंबाला गाव जवळ आले. कित्येक शेतकरी तर गाडीचे मागचे चाक उचलून धरीत आणि त्याला पट्टा जोडून शेतातील यंत्रे चालवीत. मोटारीचे ऋण नाकारणाऱ्याने या घरांचा विचार अवश्य करावा.

परंतु शहरांत वेगळे चित्र दिसू लागले. तोवर रस्ता ही सर्वांची जागा होती. त्यावरून माणसे चालत, फेरीवाले माल विकत, मुले खेळत. मोटारी वाढल्या तसे अपघात वाढले, आणि मेलेल्यांमध्ये लहान मुलांची संख्या मोठी होती. लोक संतप्त झाले. १९२३ साली सिनसिनाटी या शहरातील ४२,००० नागरिकांनी एका मागणीवर सह्या केल्या. शहरातील प्रत्येक मोटारीला वेगनियंत्रक यंत्र बसवावे आणि गाडी ताशी २५ मैलांपलीकडे धावूच नये अशी व्यवस्था करावी, अशी ती मागणी होती. मोटारी विकणाऱ्यांनी आणि मोटारमालकांच्या मंडळांनी तिच्याविरुद्ध जोराचा प्रचार केला. अखेर मतदान झाले आणि मागणी फेटाळली गेली.

याच सुमारास त्या देशात एक शब्द रूढ झाला. वाटेल तेथे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला ‘जेवॉकर’ म्हणू लागले. ‘जे’ म्हणजे गावंढळ. जो शतकानुशतके रस्त्याचा धनी होता, तोच एका शब्दाने अडाणी व अपराधी ठरला. दोष धावणाऱ्याकडून चालणाऱ्याकडे सरकला. कायद्याने जे साधत नाही, ते कधीकधी एका कुचेष्टेच्या शब्दाने साधते. म्हणून नवे शब्द उच्चारण्यापूर्वी ते कोणाच्या सोयीचे आहेत, हे पाहिले पाहिजे.

सिनसिनाटीच्या नागरिकांचा आग्रह वेडगळ होता काय? त्याचे उत्तर पदार्थविज्ञान देते. धावणाऱ्या वस्तूच्या अंगी असलेली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ही शक्ती चौपट होते, आणि तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीपेक्षा दुप्पट धोकादायक आहे, हा समज चुकीचा आहे. तिचा आघात चौपट शक्तीचा असतो. शिवाय समोर मूल दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो क्षण जातो, त्या क्षणातही वेगवान गाडी अधिक पुढे सरकलेली असते. मनुष्याची हाडे आणि त्याची प्रतिक्रिया ही पायी चालण्याच्या वेगाला अनुरूप घडली आहेत. यंत्र सुधारते, हाडे मात्र पूर्वीइतकीच नाजूक राहतात.

सुदैवाने यंत्रविद्येने केवळ वेगच वाढवला असे नाही. १९५९ साली स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीत नील्स बोलिन या अभियंत्याने छाती व कंबर या दोहोंना सावरणारा तीनबिंदू सुरक्षापट्टा तयार केला. यापूर्वी तो विमानातील आसनांवर काम करीत असे. कंपनीने या पट्ट्याचे पेटंट इतर मोटार कारखान्यांसाठी खुले ठेवले. एका साध्या पट्ट्याने जगभर असंख्य प्राण वाचवले. पट्ट्याने अंग आवळले जाते, मोकळेपणा जातो, अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. आज तो बांधताना कोणाला आपण पराधीन झालो असे वाटत नाही.

जी कल्पना सिनसिनाटीत पराभूत झाली, तिलाही एका शतकानंतर वेगळ्या रूपात मान मिळाला. जुलै २०२४ पासून युरोपीय संघातील प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखणारी आणि ती ओलांडताच चालकाला सावध करणारी यंत्रणा असणे बंधनकारक झाले. भारतातही जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाचा इशारा देणारी यंत्रणा आवश्यक ठरली. वेग ताशी ८० किलोमीटरपलीकडे गेला की ती आवाज करते, आणि १२० पलीकडे गेला की सतत आवाज करीत राहते. यावर काही चालक रुष्ट होतात. गाडी आपली, इंधन आपले, मग यंत्राची कटकट कशाला, असे ते म्हणतात. त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. यंत्राला सर्व काही सोपवले की माणसाची दक्षता मंदावते, हा धोका खरा आहे. परंतु गाडी स्वतःची असली, तरी रस्ता स्वतःचा नसतो, आणि समोरून येणाऱ्याचा प्राण तर मुळीच नसतो. ‘माझी गाडी’ हा हक्क गाडीच्या दारापाशी संपतो; त्याच्यापुढे कर्तव्याची सुरुवात होते.

आपल्या देशात या कर्तव्याची आठवण फार निकडीची आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. म्हणजे सरासरीने दर दिवशी चारशे साठांहून अधिक. त्यांपैकी शेकडा ७० हून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाल्याचे सरकारी अहवाल सांगतो. मृतांमध्ये निम्म्याहून अधिक लोक पायी चालणारे किंवा दुचाकीवरचे होते. म्हणजेच ज्यांच्याभोवती पोलादी कवच नव्हते, असे. एखाद्या रोगाने इतकी माणसे नेली असती, तर त्याला साथ म्हटले गेले असते. रस्त्यावरील मृत्यूंना मात्र समाज ‘दैव’ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. ही उदासीनता यंत्रापेक्षा घातक आहे.

यंत्राकडे पाहण्याची एक कसोटी महात्मा गांधींच्या विचारांत सापडते. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात त्यांनी आगगाडीवरदेखील कठोर टीका केली होती. तरीही ते सरसकट सर्व यंत्रांचे वैरी नव्हते. १९२४ साली एका संवादात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला, कारण त्याच्या निर्मितीमागे त्यांना माणसाचे कष्ट हलके करण्याचा जिव्हाळा दिसला. यंत्र माणसासाठी आहे की माणूस यंत्रासाठी, ही त्यांची कसोटी होती. तीच मोटारीला लावून पाहावी. १ जून १९४८ रोजी पुणे आणि त्या वेळचे अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एस. टी. धावली. पुढे जेथे आगगाडीची शिट्टी कधी ऐकू आली नाही, अशा गावांतील विद्यार्थी, बाजारकरी आणि आजारी माणसे या लाल गाडीने शहराला जोडली. येथे यंत्र माणसाची सेवा करते. उलट, चार आसनांच्या गाडीतून एकटाच मनुष्य हाकेच्या अंतरावर भाजी आणावयास जातो आणि ती गाडी पदपथावर उभी करून ठेवतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला व शाळकरी मुलाला भर रस्त्यात उतरावे लागते. गाडी तीच, उपयोग निराळा. म्हणून स्तुती अथवा निंदा यंत्राची न करता त्याच्या उपयोगाची करावी.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी येत आहेत. ही कल्पनाही अगदी नवी नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटार विजेवरच चालत होती. या गाड्यांतून धूर निघत नाही, हा मोठाच लाभ आहे. पण त्यांच्या धडकेचा आघात सौम्य नसतो, त्यांना उभे राहण्यास जागा कमी लागत नाही, आणि मंद गतीने जाताना त्यांचा आवाज होत नसल्याने चालणाऱ्याला त्या कळतही नाहीत. म्हणून कित्येक देशांनी अशा गाड्यांना मुद्दाम आवाज करावयास लावले आहे. लाल निशाणाचेच हे नवे रूप नव्हे काय? इंधन बदलले, तरी बलवानाने दुबळ्याला सूचना द्यावी हा नियम बदलत नाही.

जुन्या काळी घोडा कितीही जातिवंत असला, तरी लगामावाचून त्याला कोणी रस्त्यावर आणीत नसे. त्यात घोड्याचा अपमान आहे, असेही कोणी मानले नाही. उमदा घोडा आणि घट्ट लगाम या दोहोंनी मिळून स्वार होतो. नव्या युगातील वाहनांनाही लगाम लागणारच. त्याचा काही भाग कायद्याचा असेल, काही यंत्राचा असेल. परंतु त्याचे शेवटचे टोक चालकाच्या हातीच राहील. कोणते शहर प्रगत, हे तेथील मोटारींच्या संख्येवरून ठरवण्याची रीत पडली आहे. त्याऐवजी त्या शहरातील दहा वर्षांचे मूल एकटे, निर्भयपणे चालत शाळेत जाऊ शकते काय, हे विचारावे. ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येईल, त्या दिवशी मोटारीचे चाहते आणि तिचे टीकाकार या दोघांनाही समाधान मानता येईल.