आपलेपणाची परिषद आणि मागच्या खुर्च्या

विविधता, समावेशन, आपलेपणा अशा विषयावर परिषद भरवायची ठरली की संघटनांना पत्र येतं, 'तुमच्या पन्नास बाया पाठवा.' मैत्रिणींनो, हे आमंत्रण की सभागृह भरायची सोय?

आमचं विद्यापीठ १९९० साली जळगावला स्थापन झालं. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्याची ही शेतकरी बाई निरक्षर. तिची गाणी मुलानं, सोपानदेवांनी उतरवून घेतली म्हणून उरली. आज ती आली, तर तिला निबंधाचा गोषवारा मागणार का?

दुसऱ्या एका संस्थेच्या परिषदेला आम्ही शिरपूरकडच्या पावरा बायांना नेलं होतं. उद्घाटनाला त्यांचा नाच झाला, टाळ्या पडल्या. मग आदिवासी स्त्रियांवरचे तीन निबंध वाचले गेले, तिन्ही इंग्रजीत. बाया मागच्या खुर्च्यांवर. (जेवणाची कुपनंही वेगळी होती.)

म्हणून अटी आपण आधी घालाव्यात. कापूसवेचणीच्या दिवसांत तारीख नको. ठेवलीच तर बुडालेली मजुरी द्यावी, वक्त्यांना मानधन मिळतंच की. अहिराणी, भिली, पावरीतून बोलता यावं. दुभाषी यजमानांनी शोधावा. पाळणाघर हवं. धुळ्यापलीकडच्या बाईला उजेडी एस.टी. मिळेल अशा वेळी सत्र संपावं. आणि विषय ठरवायच्या बैठकीलाच आपल्या दोघीतिघी असाव्यात. तोवर पन्नासांची यादी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.