"वय झालं" म्हणण्याआधी...

"वय झालं आता, चालायचंच!" या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. पन्नाशीतली बाई नावं विसरायला लागली, बोलणं संथ झालं, सारखी झोप येते म्हणाली, की घरात निदान तयारच असतं. वय, नाहीतर आळस, नाहीतर "फार मनाला लावून घेते". गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची आठवण कुणालाच होत नाही.

मेंदूला आणि नसांना या ग्रंथीचं संप्रेरक लागतंच. ते कमी पडलं की विचार मंदावतात, लक्ष लागत नाही, मन उदास राहतं. मनगटापाशी नस दाबली जाऊन रात्री बोटांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी टाचेच्या वर हातोडी मारली तर पाऊल हलतं, पण जागेवर यायला वेळ घेतं. मे महिन्यात पनवेलच्या उकाड्यात जी बाई "पंखा बंद करा" म्हणते, ती नखरे करत नसते हो!

हे काही नवं नाही. रिचर्ड अ‍ॅशर या इंग्लिश डॉक्टरने 1949 सालीच अशा 14 रुग्णांची हकीगत छापली होती. भ्रम, संशय इथपर्यंत मजल गेलेली, आणि थायरॉइडचं औषध दिल्यावर त्यातले बरेच जण बरे झाले.

त्यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर, "आपण खाडीकाठचे, मासे खाणारे, आपल्याला कसला थायरॉइड?" अहो, मिठागरातल्या मिठात आयोडीन नावालाच असतं, म्हणून तर ते वरून मिसळावं लागतं. आणि आयोडीन मिळालं तरी सुटका नाही. बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाशिमोटोंनी 1912 साली वर्णन केलेला तो हाच आजार. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत साधारण 11 टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद निघाला. त्या शहरांत मुंबई आणि गोवाही होतेच की!

आता प्रत्येक विसराळूपणा थायरॉइडचा नसतो, हे मान्य. बी-12 कमी असेल, नैराश्य असेल, खरोखरचा स्मृतिभ्रंशही असेल. टीएसएच जरासा वाढला म्हणून सगळं खापर त्याच्यावर फोडू नये. पण तपासल्याशिवाय कळणार कसं? रक्ताची एक साधी तपासणी, आणि गरज पडली तर डॉक्टर सांगतील तशी सकाळी उपाशीपोटी एक गोळी.

तेवढंही न करता आईला "विसरभोळी" ठरवून मोकळं होणं, याला मी तरी समजूतदारपणा म्हणणार नाही. तो निव्वळ आपला कंटाळा आहे.