हंड्यातला हिशोब



पावसाळ्यात विहारातली महिला मंडळाची बैठक संपली आणि एका आक्कांनी फुलपात्र माझ्यापुढे धरले. "दादा, पाणी काचेसारखं दिसतंय, पण जिभेला तुरट लागतंय. असं का?" नळाला गढूळ पाणी आले म्हणून आक्कांनी तुरटीचा खडा हंड्यात टाकून तसाच ठेवला होता.

नाशिकला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी येते. नदीचे असे पाणी नळात सोडण्याआधी शुद्धीकरण केंद्रात त्यात तुरटी किंवा तसलेच दुसरे रसायन घालतात. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. तिच्यामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, राहिलेले वाळूच्या गाळणीत अडकतात. ॲल्युमिनियमही गाळाबरोबर निघून जायला हवे. पण मात्रा चुकली किंवा पाण्याची आम्लता बिघडली, तर थोडे पाण्यातच विरघळून राहते. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी सहा भांड्यांत धरणाचे पाणी घेऊन वेगवेगळी मात्रा ढवळून पाहतात, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात किती उरले ते प्रयोगशाळेत मोजतात. ॲल्युमिनियमसाठी रसायन घातले की रंग येतो. रंग जितका गडद तितका धातू जास्त. शिसे, आर्सेनिक यांना मोठे यंत्र लागते.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे ॲल्युमिनियम लिटरला ०.०३ मिलिग्रॅम चालते. दुसरे पाणीच नसेल तर ०.२ पर्यंत. मी पडलो कारकून, मला रुपयांतच कळते. लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख रुपयांत १ रुपया. ०.०३ म्हणजे ३ पैसे. शिशाची मर्यादा तर १ पैसा! दहा लाखांच्या खतावणीत एका पैशाचा फरक शोधायचा.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते? जुलै १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या कॅमलफर्ड भागात २० टन ॲल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतले गेले. ते थेट नळांत गेले आणि खरे कारण लोकांना दोन आठवडे कळलेच नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना तर थोडे ॲल्युमिनियमही घातक. डायलिसिसचे पाणी म्हणूनच वेगळे शुद्ध करावे लागते.

महाडला १९२७ साली आपण शिवलो म्हणून चवदार तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले गेले. तेव्हापासून कुणी नुसते 'पाणी शुद्ध आहे' म्हटले की मी आकडा विचारतो.

मायबहिणींनी एवढे करावे. खडा पाण्यात ठेवू नये. चार वेळा फिरवून काढावा, पाणी निवळू द्यावे, वरचे ओतून घ्यावे. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटते, धातू तेवढाच राहतो. रात्रभर पाइपात साचलेले पहिले पाणी भांडी घासायला वापरावे, कारण शिसे बहुधा केंद्रातून नव्हे तर जुन्या पाइपांतून, पितळी तोट्यांतून उतरते. म्हणून तपासणी केंद्रावरची वेगळी आणि आपल्या नळाची वेगळी.

आम्ही दोन्हींचे आकडे माहितीच्या अधिकारात मागितले आहेत. अर्जाला १० रुपये लागले, उत्तराची मुदत ३० दिवस. पोच मिळाली आहे. आकडे आले की याच सदरात छापू. आक्कांचा खडा आता फडताळात कोरडा ठेवलेला असतो.