कॉफी आणून देणारा मालक

जयपूरला जाणार असाल तर तुमची यादी तयारच असेल: हवामहल, आमेरचा किल्ला, त्रिपोलिया बाजारातल्या लाखेच्या बांगड्या. त्यात एक कप कॉफी घाला. एम. आय. रोडवरून एका अंधाऱ्या, फारशा नीटनेटक्या नसलेल्या गल्लीत आत शिरलात की इंडियन कॉफी हाउस सापडतं. डोक्यावर पंखे, टेबलावर फिल्टर कॉफी, डोसा, पकोडे. दिसायला साधंच. पण इथे कॉफी आणून देणारा आणि मालक ही बहुतेक एकच व्यक्ती असते!

ही गोष्ट सुरू झाली आपल्या मुंबईत. 1936 साली चर्चगेटला पहिलं कॉफी हाउस निघालं, लोकांना कॉफीची सवय लागावी म्हणून. पुढे कॉफी बोर्डाने देशभर अशी घरं चालवली आणि 1950च्या दशकात ती बंद करायला घेतली. कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, नोकरी मागत बसू नका, कॉफी हाउसच चालवायला घ्या. 19 ऑगस्ट 1957ला बंगळूरमध्ये कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली. 27 ऑक्टोबरला दिल्लीत त्यांचं पहिलं कॉफी हाउस उघडलंसुद्धा. काल टेबल पुसणारे आज सभासद होऊन हिशेब तपासू लागले. दूध डेअरी आणि पतपेढ्या पाहत वाढलेल्या आपल्याला यातलं धाडस चटकन कळेल.

(एक गंमत. एम. आय. रोड म्हणजे मिर्झा इस्माईल रोड. जयपूरचे हे दिवाण आधी म्हैसूरचे दिवाण होते, म्हणजे थेट कॉफीच्या मुलुखातले!)

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडलं. तिथल्या खेड्यातला पब म्हणजे आपल्याकडचा पार समजा. दारू असतेच, पण गावाच्या गप्पाही तिथेच. असे पब भराभर बंद पडू लागले, तेव्हा कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावात शंभराहून जास्त लोकांनी पैसे गोळा केले आणि 2003 साली 'ओल्ड क्राउन' हा जुना पब विकत घेतला. तिथे पिणारे मालक झाले, आपल्याकडे वाढणारे.

मला आपली तऱ्हा जास्त आवडते, कारण वाढणाऱ्याचं पोट त्या जागेवर असतं. पण तिच्यात एक कच्चा दुवा आहे. गिऱ्हाइकाचा पैसा त्यात अडकलेला नसतो; त्याला चकचकीत कॅफे दिसला की तो सहज तिकडे वळतो. नुसत्या आठवणींवर भाडं आणि पगार निघत नाहीत. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस 1958 साली बंद झालं, तेव्हा प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते पुन्हा उघडलं. गिऱ्हाईक असं पाठीशी उभं राहिलेलं क्वचितच दिसतं.

तेव्हा जयपूरला गेलात की तासभर हाताशी ठेवून जा. मुलांनाही न्या, डोसा त्यांना आवडेलच. आणि वाढणाऱ्या काकांना हातातलं काम संपल्यावर विचारा, ते संस्थेचे सभासद कधी झाले. पुढच्या गप्पा तेच सांगतील.