न संपणारा पट्टा



आजच्या लेखाचा विषय वाचून माझी धाकटी बहीण पुण्याहून फोन करणार आणि "ताई, तुला झालंय तरी काय?" असं विचारणार, हे मी धरूनच चालले आहे. विषय आहे मशीनगन. लष्करी व्हिडिओ गेममध्ये गाडीच्या टपावर बसवलेली असते, ती अवजड मशीनगन. बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने या भानगडीत का पडावं? कारण ही बंदूक माझ्या विषयात ढवळाढवळ करते आहे. ती मुलांना युद्ध शिकवते आहे, आणि साफ चुकीचं शिकवते आहे.

धाकट्या नातवाशेजारी बसून मी असे दोन-तीन गेम नीट पाहिले. वही-पेन घेऊन पाहिले (सवय जात नाही!). 2005 साली आलेला 'बॅटलफील्ड 2' घ्या. त्यात अमेरिकी सैन्याची हम्व्ही गाडी आहे आणि तिच्यावर ब्राउनिंग मशीनगन. गाडीजवळ जाऊन एक कळ दाबली की आपण बंदुकीमागे हजर. मग माऊसचं बटण दाबून धरायचं. गोळ्या सुटत राहतात. फार वेळ दाबलं तर बंदूक तापते, जरा थांबते, निवते आणि पुन्हा तयार. गोळ्या मात्र संपत नाहीत. त्या कोणी वाहून आणलेल्या नाहीत, कोणी भरलेल्या नाहीत. द्रौपदीच्या थाळीसारखा हा पट्टा. पुढच्या वीस वर्षांत गेममधली चित्रं कुठच्या कुठे गेली, पण न संपणाऱ्या पट्ट्याची ही रीत अनेक गेममध्ये तशीच राहिली.

आता खरी बंदूक पाहू. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी माणसाने तिचा मूळ आराखडा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केला. 1933 मध्ये तिला एम-2 हे नाव मिळालं आणि नव्वद वर्षं उलटून गेली तरी ती वापरात आहे. नुसत्या बंदुकीचं वजन 38 किलो. तिच्या शंभर गोळ्यांची पत्र्याची पेटी सुमारे 16 किलो. मिनिटाला साधारण 450 ते 600 गोळ्या सुटतात.

चला, पाचवीच्या वर्गातलं गणित करू. मिनिटाला 500 गोळ्या, तर शंभर गोळ्यांचा पट्टा किती वेळात संपेल? बारा सेकंदांत. तेराव्या सेकंदाला टपावर अर्धा उघडा उभा असलेल्या माणसाला नवी पेटी घ्यावी लागते, झाकण उचलून पट्टा लावावा लागतो. समोरचा तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून सैनिकाला कळ दाबून धरायला शिकवत नाहीत. पाच-सात गोळ्या झाडायच्या आणि थांबायचं, असं शिकवतात. मारा लांबला तर नळी इतकी तापते की बदलावीच लागते. जुन्या एम-2 मध्ये नळी बदलली की तिचं मागचं अंतर मापाने जुळवून घ्यावं लागे. ते चुकलं तर बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडासमोर फुटण्याची भीती. ही कटकट 2010 च्या सुमारास आलेल्या सुधारित बंदुकीत गेली.

सांगायचा मुद्दा असा, की या बंदुकीच्या मागे उभं राहणं म्हणजे बव्हंशी मोजणं, थांबणं आणि दुसऱ्यावर विसंबणं. गेमने नेमकं हेच काढून टाकलं आणि उरलेल्याला 'अगदी खऱ्यासारखं' असं लेबल लावलं.

इथे एक खुलासा. गेम खेळून मुलं खुनी होतात, असा आरोप मी करत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, 2020 मध्ये स्पष्ट म्हटलं, की हिंसक गेम आणि आरडाओरडा-ढकलाढकली यांच्यात थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. ते मला पटतं. माझा नातू मुंगीही मारत नाही. तो वाईट वागेल, ही माझी चिंताच नाही. तो खोटं खरं समजेल, ही चिंता आहे. शिक्षकाच्या दृष्टीने वाह्यात मुलापेक्षा चुकीचं पाठ केलेला मुलगा जास्त अवघड. वाह्यात मुलाला निदान आपण वाह्यात आहोत हे ठाऊक असतं.

"मग बुद्धिबळ काय आहे?" असं माझा भाचा विचारतो. "आणि लहानपणी तुम्ही लाकडी तलवारी घेऊन मावळे-मोगल खेळला नाहीत का?" खेळलो की! दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूलही उडवलं. पण बुद्धिबळाच्या पटाने आपण पानिपत आहोत असा दावा कधी केला नाही. लाकडी तलवार दिसायचीच लाकडी. इथे खऱ्या बंदुकांचे आवाज मुद्दाम ध्वनिमुद्रित करून आणतात, नळीवरचा ओरखडाही हुबेहूब काढतात. क्षुल्लक गोष्टींत इतका खरेपणा, की मुख्य गोष्टीतला खोटेपणा त्याखाली दडून जावा. खोट्या साक्षीदाराची युक्ती हीच असते. तो तारीख, वार, वेळ अचूक सांगतो.

मुख्य गोष्ट कोणती? एका माणसाचं नाव सांगते. पॉल रे स्मिथ, अमेरिकी सैन्यातला सार्जंट, वय 33. दिनांक 4 एप्रिल 2003, ठिकाण बगदादच्या विमानतळाजवळचं एक आवार. त्याच्या तुकडीवर जवळजवळ शंभर इराकी सैनिकांनी हल्ला केला. चिलखती गाडीवरचे साथीदार जखमी झाले. जखमींना मागे काढता यावं म्हणून स्मिथ त्या गाडीवर चढला आणि तिच्यावरची हीच ब्राउनिंग मशीनगन त्याने हाती घेतली. एक तरुण सैनिक त्याला पट्टे भरून देत होता. स्मिथने तीनशेहून अधिक गोळ्या झाडल्या. हल्ला परतला, पण स्मिथ तिथेच मारला गेला. बरोबर दोन वर्षांनी अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्याच्या कुटुंबाच्या हाती देण्यात आलं.

तीनशे गोळ्या! आमचा नातू बटण दाबून धरतो तेव्हा त्या पाऊण मिनिटात उडतात, आणि तोवर तो दुसऱ्या हाताने चिवडा खातो. खऱ्या माणसाने त्या तीनशे गोळ्यांत जखमींना जगवलं आणि स्वतःचा जीव दिला. त्याच्यासमोर कोसळले तेही कोणाचे तरी मुलगे होते. त्या इराकी सैनिकांची नावं आपल्याला कोणी सांगितली नाहीत, एवढाच फरक.

पलीकडच्या माणसाविषयी गेम काय शिकवतो, त्याचा एक नमुना पाहा. अमेरिकी सैन्याने स्वतःच 'अमेरिकाज आर्मी' नावाचा गेम काढला होता. 4 जुलै 2002 ला तो आला, फुकट मिळायचा, आणि सैन्यभरतीला हातभार लागावा हा त्याचा उघड हेतू होता. 2022 मध्ये तो बंद झाला. त्यात दोन संघ एकमेकांशी लढत, पण गंमत अशी, की दोन्हीकडच्या खेळाडूंना स्वतःचा संघ अमेरिकी दिसे आणि समोरचा संघ शत्रू! म्हणजे शत्रू व्हायची पाळी कोणावरच येत नसे. जगात शत्रू असतात, पण त्यातला एकही 'मी' नसतो. इतिहासाच्या पेपरात असं उत्तर कोणी लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

आणि भिंतीपलीकडच्यांचं काय? या बंदुकीची गोळी साडेसहा किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, विटांची साधी भिंत तिला अडवत नाही. कित्येक गेममध्ये गोळी भिंतीवर आपटते, थोडी धूळ उडते, संपलं. खऱ्या गावात भिंतीमागे स्वयंपाकघर असतं.

माझी बरीचशी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. तिथे घराघरांतला एक तरी मुलगा फौजेत. सुटीवर आलेला एक माजी विद्यार्थी वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला की पोरं हमखास विचारायची, "दादा, किती मारले?" तो कधीही आकडा सांगत नसे. मोजे कोरडे कसे ठेवायचे ते सांगायचा, पत्र उशिरा पोचतं ते सांगायचा. आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागायचा, कारण एका कानाने त्याला ऐकू येईनासं झालं होतं. अमेरिकेतही माजी सैनिकांना भरपाई मिळते अशा व्याधींत पहिला नंबर कानात सतत वाजणाऱ्या आवाजाचा आहे. गेममध्ये आवाज कमी करायची सोय असते.

"आजी, आम्हाला कळतं गं की हा गेम आहे," असं नातू म्हणतो. त्याला कळतं, हे मी मानते. पण मोठ्यांना? सप्टेंबर 2021 मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरची लढाई म्हणून आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी 'आर्मा 3' या गेममधली चित्रं खरी समजून दाखवली. युक्रेनच्या युद्धात हे इतकं वाढलं, की 2022 च्या नोव्हेंबरात तो गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या झेक कंपनीलाच खरं-खोटं कसं ओळखावं याच्या सूचना काढाव्या लागल्या. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांतही गेममधले तुकडे खरे म्हणून फिरले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही 'अभिमानाने पुढे पाठवा' या टिपेसह असाच एक आला होता. पाठवणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे. ज्याला खऱ्या लढाईचं वजन ठाऊक नाही, त्याला खोटी ओळखता येत नाही. आणि ज्याला खोटी ओळखता येत नाही, तो दिवाणखान्यात बसून "एकदा होऊनच जाऊ द्या युद्ध" असं बिनदिक्कत म्हणतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात टोकदार आहे. आता खऱ्या सैन्यातही ही बंदूक गाडीच्या आत बसून चालवता येते. टपावर यंत्र, आत पडदा आणि हातात गेमसारखीच दांडी. मग गेमला खोटं कसं म्हणायचं? माझं उत्तर सोपं आहे. आतल्या सैनिकाचा जीव त्यामुळे वाचतो, ते चांगलंच. पण पडद्यावर दिसणारा ठिपका माणूस आहे, हे त्याला आता डोळ्यांनी कळणार नाही. ते आधीच ठाऊक असायला हवं. कोण शिकवणार?

गेमसुद्धा शिकवू शकतो, बरं का! आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती 2013 पासून सांगत आली, की युद्धाचे गेम बंद करू नका, फक्त युद्धाचे नियमही त्यात आणा. निरपराधांवर गोळी झाडली तर परिणाम दाखवा. त्याच 'आर्मा 3' वाल्यांनी 2017 मध्ये 'लॉज ऑफ वॉर' नावाचा भाग काढला. त्यात खेळणारा असतो सुरुंग काढणारा मदतकार्यकर्ता. लोकांनी तो विकत घेऊन खेळला, आणि विक्रीतला वाटा रेडक्रॉसला गेला. म्हणजे 'खरं दाखवलं तर मजा जाईल' हे रडगाणं तेवढंसं खरं नाही.

बंदीची मागणी मी करणार नाही. बंदी घातलेली वस्तू मुलं दुप्पट गोडीने खातात. माझं म्हणणं एवढंच, की खेळ म्हणून विकायचं तर खेळ म्हणून विका. 'खरं युद्ध' म्हणून विकायचं असेल तर पट्टा संपू द्या.

आणि तुम्हा मंडळींना गृहपाठ. घरातलं पोर ती मशीनगन चालवायला बसलं की ओरडू नका. शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. गोळ्या किती उरल्या? त्या तुला कोण आणून देतंय? भिंतीमागे कोण आहे? उत्तरं मला कळवली नाहीत तरी चालेल. घरात बोलणं झालं तरी पुरे.