मौनाचे आम्हांला एवढे भय का?

आमच्या धर्मग्रामांत सणाला ध्वनिक्षेपक हवा, नोव्हेनेला हवा, मिरवणुकीला तर हवाच हवा. जागा नाही ती मौनाला. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर मंदिरात क्षणभर शांतता पसरली, की गायकवृंद घाईघाईने पुढचे गीत सुरू करतो. जणू ती शांतता म्हणजे कुणाची तरी चूकच! अशा वातावरणात चारजणांनी एकत्र बसून ध्यान करू म्हटले, की आक्षेप येतो : ‘हे आपले नव्हे!’

असे म्हणणाऱ्यांनी आधी आपलेच घर नीट पाहावे. इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्वी एकच छोटे वचन मनात घोळवीत बसत. पाचव्या शतकात जॉन कॅशियन यांनी ती रीत लिहून ठेवली. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन (१९२६-१९८२) यांना जपध्यानाचा पहिला पाठ मलायात स्वामी सत्यानंद यांनी दिला. मठात आल्यावर वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी तो सोडला. पुढे कॅशियन वाचताना तोच मार्ग आपल्याच परंपरेत त्यांना सापडला. १९७५ साली लंडनच्या ईलिंग मठात त्यांनी ध्यानकेंद्र उघडले. त्यांनी सुचविलेला जप ‘मारानाथा’, म्हणजे ‘प्रभो, ये’, हा संत पौलाच्या पत्रातला शब्द. यात परके ते काय?

रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने १९८९ च्या पत्रात सावधगिरीचे इशारे दिले आहेत, आणि ते योग्यच आहेत. शरीराला लाभलेली स्वस्थता म्हणजे पवित्र आत्म्याची कृपा नव्हे. परंतु केवळ ख्रिस्तेतर म्हणून कोणतीही पद्धत झिडकारा, असे ते पत्र सांगत नाही. उलट, एकांतात प्रार्थना करणारा ख्रिस्ती माणूसही अवघ्या ख्रिस्तसभेसह प्रार्थना करीत असतो, याची ते आठवण देते.

दुसरा आक्षेप अधिक साळसूद आहे : ‘ध्यानच ना? मग घरी करा!’ सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटे स्वस्थ बसणे किती अवघड, हे ज्याने करून पाहिले त्यालाच ठाऊक. कुकरची शिट्टी, मोबाइलची घंटी आणि त्यांहून गोंगाटी असे आपले मन! चौथ्या दिवशी निश्चय ढासळतो. पंढरीचा वारकरी दिंडीत चालतो, तो वाट ठाऊक नसते म्हणून नव्हे. थकलेल्या पावलांना शेजारची पावले ओढून नेतात म्हणून.

शिवाय आमच्या बाकांवर कोण बसते? नुकतीच विधवा झालेली भगिनी, दारूने पोखरलेल्या घरातली माता, मुले परदेशी गेलेले वृद्ध दांपत्य. त्यांना प्रवचने पुष्कळ मिळतात. न बोलता शेजारी बसणारे कुणी मिळत नाही. ध्यानगटात कुणी त्यांना खोदून विचारीत नाही. पण एक दिवस जागा रिकामी दिसली, तर कुणीतरी दार ठोठावते. जो गट असे दार ठोठावीत नाही, त्याचे मौन आम्हांलाही नको.

आमचे मागणे थोडे आहे : आठवड्यातली एक संध्याकाळ, अर्धा तास, मंदिराचा एक कोपरा. वर्गणी नको, पाहुणा नको, हारतुरे नकोत. तेवढा वेळ ध्वनिक्षेपक मात्र बंद ठेवावा. दोघे-तिघे जमले तरी पुरे. प्रभूने तेवढ्यांनाच आपल्या सान्निध्याचे वचन दिले आहे.