पंख्याचा शिधा कोणाच्या घरचा?

वैशाख उतरणीला लागला, की वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळालगतच्या तळ्यावरून येणारा वारादेखील भर दुपारी रजेवर जातो, आणि पारा पस्तिशीच्या आसपासच घुटमळत असला, तरी कर्ली नदीच्या पात्रावरून उठणाऱ्या दमट वाफेमुळे तो उन्हाळा ओल्या धोतरासारखा अंगाला चिकटून बसतो. अशाच एका दुपारी आमच्या माजघरातील, शिध्याच्या डब्याहून फारसा मोठा नसलेला संगणक, ज्याच्या उदरात बागायतीचा जमाखर्च, सातबाऱ्याचे उतारे आणि दोन पिढ्यांची छायाचित्रे साठवलेली आहेत, तो काही पूर्वसूचना न देता बंद पडला. शेजारच्या गृहस्थांनी पत्र्यावर हात ठेवून एका वाक्यात निदान केले, “ह्याका वारो व्हयो.” निदान अचूक होते. परंतु वारा हवा म्हणजे पंखा हवा, पंख्याला वीज हवी, आणि ती वीज कोणाच्या खात्यातून काढावी, हा प्रश्न त्या निदानात अध्याहृत होता. पुढील आठवडाभर मी त्यातच गुंतून राहिलो.

आमच्या मुलुखातील सर्रास उपाय असा, की डब्याचे झाकण काढून टाकायचे आणि समोर टेबलावरचा पंखा लावून द्यायचा. या उपायाविषयी माझे मत कडू आहे. झाकण लावलेले असताना हवा एका बाजूने शिरून प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमधून वाट काढीत दुसऱ्या बाजूने बाहेर पडावी, अशी त्या डब्याची रचना असते, जशी पुढची ओटी आणि मागची पडवी यांची दारे समोरासमोर ठेवून आपल्या वाडवडिलांनी घरात वारा खेळवला. झाकण काढले, की ती शिस्त मोडते आणि वाऱ्यासोबत जांभ्याची तांबडी धूळ, पहिल्या पावसाबरोबर दिव्यावर झेपावणारे पंखांचे किडे, त्यांच्या मागून येणारी पाल आणि उबेला घर करणाऱ्या मुंग्या अशी सगळी वस्ती आत नांदू लागते. एका यंत्राच्या पोटातून मी स्वतः मुंग्यांची पांढरी अंडी ब्रशाने झाडून काढली आहेत.

गणकयंत्राला गारवा पुरवणे ही काही आजची विवंचना नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या गणकयंत्रात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या, आणि अशा नलिकांच्या यंत्रांना थंड ठेवणे हे त्या काळी एक स्वतंत्र खातेच असे. आज त्याच्या कित्येक पटींनी समर्थ प्रोसेसर बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या तुकड्यात पासष्ट वॅटची उष्णता ओकतो, आणि शंभर अंशांच्या जवळ पोहोचला, की जळून जाऊ नये म्हणून आपणहून गती मंद करतो. मदरबोर्डवरच्या त्या नळकांड्यासारख्या संधारित्रांचे आयुष्य तर तपमान दहा अंशांनी वाढले, की साधारण निम्म्यावर येते. घरात माणूस पस्तीस अंशांना घामाघूम होत असेल, तर डब्याच्या आत काय चालले असेल, याची कल्पना यावरून करावी. पंखा खोलीपेक्षा थंड हवा निर्माण करू शकत नाही, ही मर्यादाही ध्यानात ठेवलेली बरी.

आता शिध्याकडे, म्हणजे पंख्याला लागणाऱ्या विजेकडे वळू. छताचा जुन्या धाटणीचा पंखा पंच्याहत्तर वॅट खातो. संगणकाच्या डब्यातला पाच इंची पंखा बारा व्होल्टवर दोन वॅटच्या आसपास भागवतो, आणि वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण वीज मात्र एक-अष्टमांशच लागते. म्हणून एका लहान पंख्याला जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा दोन मोठे पंखे सावकाश फिरवणे केव्हाही शहाणपणाचे. कानांनाही त्याचे ऋण वाटते. इतक्या किरकोळ शिध्यासाठी भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु तो कोणत्या दाराने आणायचा, यावरच सारे घोडे अडते.

पहिले दार मदरबोर्डवरचे. तेथे चार पिनांची लहानशी खुंटी असते: एक ऋण टोक, एक बारा व्होल्टची, तिसरीवरून पंखा आपली गती कळवतो आणि चौथीवरून मदरबोर्ड त्याला किती वेगाने फिरायचे याचा हुकूम देतो. ही खुंटी बहुधा एक अँपिअर, म्हणजे बारा वॅटपर्यंत भार सोसते. पण पंखा सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, हे जमेस धरून एका खुंटीवर दोन, फार तर तीन पंखे दुभाग्या वायरीने जोडावेत, आणि गती कळवण्याची तार त्यांपैकी एकाचीच पोहोचू द्यावी. नाहीतर दोन कारकुनांनी एकाच वहीत नोंदी कराव्यात तसा गोंधळ होतो. प्रोसेसरच्या नावची खुंटी प्रोसेसरच्याच पंख्याची. ती रिकामी राहिली, तर पंखा बंद आहे असे समजून यंत्र सुरू होतानाच अडून बसू शकते.

दुसरे दार एसएमपीएसचे, म्हणजे साऱ्या संगणकाला वीज पुरवणाऱ्या प्रत्यक्ष कोठाराचे. त्यातून निघणाऱ्या जुन्या मोलेक्स जोडणीत पिवळी तार बारा व्होल्टची, लाल पाचची आणि दोन काळ्या. तीनचार पंखे असतील, तर त्यांचा शिधा येथून घेणारी आणि हुकूम तेवढा मदरबोर्डकडून घेणारी वाटपाची पट्टी मिळते. माझ्या मते हीच न्याय्य वहिवाट. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये पंखा अडकवून सात व्होल्ट मिळवण्याची एक चतुराई जुने कारागीर अजून सांगतात. परंतु त्यात पंख्याचा प्रवाह पाच व्होल्टच्या वाटेत उलटा ढकलला जातो, म्हणून ती मला मान्य नाही. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवा थर चढून सैल झालेली जोडणी कोणत्याही दारात अधिक घातक. तेथे रोध वाढतो, रोधाने ऊब वाढते, आणि साच्यात ओतलेल्या स्वस्त जोडण्या त्या उबेने वितळल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

माझी खरी तक्रार मात्र याच्याही पुढची आहे. कचेऱ्यांसाठी तयार मिळणाऱ्या कित्येक छोट्या संगणकांत पंख्याची खुंटी कंपनीच्या स्वतःच्या घडणीची, पाच वा सहा पिनांची. एसएमपीएसमधून जादा तार निघत नाही, हार्ड डिस्कचा शिधासुद्धा मदरबोर्डवरूनच बारीक तारांनी येतो. त्याहून लहान यंत्रे एकोणीस व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. बारा व्होल्टचा पंखा भोळेपणाने त्यावर जोडला, तर तो फार काळ टिकायचा नाही, व्होल्ट उतरवणारी छोटी जोडणी मध्ये घालावीच लागते, किंवा यूएसबीवर चालणाऱ्या पाच व्होल्टच्या पंख्यावर समाधान मानावे लागते. वातानुकूलित दालनासाठी घडवलेली ही यंत्रे आमच्या शाळांत, ग्रामपंचायतींत आणि दाखल्यांसाठी लोक ताटकळत उभे राहतात त्या सेवा केंद्रांत येऊन पडतात. म्हणून माझी मागणी आहे, की सरकारी खरेदीच्या मसुद्यात प्रोसेसर आणि स्मृती यांच्या तपशिलाखाली एक ओळ घालावी: मानक चार पिनांच्या दोन रिकाम्या खुंट्या, एसएमपीएसमधून एक मोकळी मानक जोडणी आणि धुता येणारी जाळी. कंपन्या कुरकुरतील. दोन खुंट्यांचा खर्च वाढेल तो इतका क्षुल्लक, की त्यासाठी फाइल फिरवण्याचा कागदच महाग पडावा; पण मागणाऱ्याने मागितल्यावाचून विकणारा देत नाही, हा बाजाराचा शिरस्ता आहे.

आमच्या डब्यात मदरबोर्डवर एकच खुंटी रिकामी निघाली. तिच्यावर दुभागी वायर घालून समोर वारा आत घेणारे दोन पंखे बसवले, मागे बाहेर फेकणारा एकच ठेवला, म्हणजे आतला दाब किंचित अधिक राहून धूळ फटींतून न शिरता जाळीच्याच वाटेने येते. यंत्र जेथे एक्क्याण्णव अंश दाखवी, तेथे आता चौऱ्याहत्तर दाखवते. जाळी दर पंधरवड्याला विहिरीवर धुवावी लागते, आणि पाणी प्रत्येक वेळी तांबडेच निघते.